बांधापासून तिसरी ओळ

बाय,

तुझं पत्र आलं त्या दिवशी इथे हवाईत को’ओलाऊच्या डोंगरावर पावसाचा पडदा उतरला होता. दुपारभर घरातच होते, तीनदा वाचून झालं. तू विचारतेस, “मावशी, तिथे आले तर मला मी सापडेन का?” आणि त्याच्या खाली, पेन बदलून, “पण मी अर्धीच. आईसुद्धा पूर्ण नव्हती. माझा तिथे हक्क तरी आहे का?” आठवडा गेला तरी मी उत्तर लिहिलं नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. या दोन प्रश्नांना घाईने दिलेलं उत्तर तुझ्या आईला खपलं नसतं.

आधी एक सांगून ठेवते. मी हवाईयन नाही. मी वेंगुर्ल्याची. तीस वर्षं हवाईच्या या ओआहू बेटावर राहिले, इथल्या चिखलात गुडघाभर उभी राहिले, तरी इथल्या परंपरेच्या वतीने बोलायचा अधिकार मला येत नाही. जे लिहिते आहे ते तुझ्या आईकडून ऐकलेलं, ज्या बाईंच्या शेतात मी शनिवारी जाते त्यांच्याकडून शिकलेलं, आणि थोडं हातांना कळलेलं आहे. त्या बाईंना मी आंटी म्हणते. इथे वडीलधाऱ्यांना सगळे आंटी, अंकल असंच म्हणतात, नातं असो नसो. मला माहीत नसलेलं इथली माणसं तुला सांगतील, त्यांना सांगावंसं वाटेल तेव्हा.

पुण्यात दोन दिवसांचं हो’ओपोनोपोनोचं शिबिर केलंस म्हणतेस, आणि माफीची, आभाराची, प्रेमाची ती चार वाक्यं रोज एकशे आठ वेळा म्हणतेस. त्याने मन शांत होत असेल तर म्हण, मी अडवणार नाही. पण तुझ्या आईच्या घरातलं हो’ओपोनोपोनो ते नव्हे, आणि हे तुला दुसऱ्या कोणी सांगायच्या आत मीच सांगितलेलं बरं. पोनो म्हणजे नीट, जिथल्या तिथे, न्यायाचं. घरात तेढ आली की सगळे एकत्र बसत. मध्ये घरातलंच कुणी वडीलधारं, नाहीतर सगळ्यांना मान्य असलेलं माणूस. आधी प्रार्थना. मग गाठ कुठे बसली आहे ते मांडायचं आणि तिचा एकेक पदर सोडवायचा. बोलायचं ते मधल्या माणसाकडे बघून, एकमेकांवर धावून नाही. आवाज चढले की तो माणूस सगळ्यांना गप्प बसवणार. शेवटी ज्याची चूक त्याने ती तोंडाने कबूल करायची, ही ‘मिही’. आणि दोघांनीही ती सोडून द्यायची, हा ‘काला’. नंतर सगळ्यांनी मिळून जेवायचं. यात ज्याच्याशी बिघडलं आहे तो समोर बसलेला असावा लागतो. एकटीने डोळे मिटून ते होत नाही.

तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला तिथेच दिसतं. तुझ्या आईच्या लोकांनी जे जे जपलं, ते दोघांच्या मधलं आहे: माणूस आणि माणूस, माणूस आणि पाणी, माणूस आणि जमिनीचा तुकडा. तू स्वतःला शोधायला आलीस तर इथे खूप सुंदर समुद्र बघशील आणि परत जाशील. असे लाखो लोक दरवर्षी येऊन जातात. तू काही सांभाळायला आलीस, तर गोष्ट वेगळी.

जमिनीला इथे ‘’आइना’ म्हणतात. (आपल्या आरशाशी त्याचा संबंध नाही. आणि मी जिथे ’ अशी खूण करते आहे तिथे घसा क्षणभर बंद करायचा. हवाईयन भाषेत ते एक पूर्ण व्यंजन आहे.) ‘’आई’ म्हणजे खाणं, ’आइना म्हणजे जी खाऊ घालते ती. लहानपणी तुला हे सांगताना तुझी आई हसायची, कारण मराठीतला ‘आई’ हा शब्द तिला त्या खाऊ घालण्याच्या शब्दासारखाच ऐकू यायचा. व्युत्पत्तीचं नातं काहीच नाही, पण एवढा योगायोग तुझ्या वाट्याला आला आहे तर तो ठेव.

आता कालो. कालो म्हणजे अळू, दुसरं तिसरं काही नाही. तुझ्या साताऱ्याच्या आजीच्या न्हाणीमागे सांडपाण्यावर जे वाढतं त्याच जातीचं. ज्यांनी ही बेटं शोधली, ते दक्षिणेकडच्या बेटांवरून होड्यांतून येताना जी झाडं बरोबर घेऊन आले त्यांची नावं ऐक: अळू, नारळ, केळी, ऊस, हळद, नीरफणस. मी पहिल्यांदा ती यादी ऐकली तेव्हा मला वेंगुर्ल्याचं परसू आठवलं आणि रडू आलं. पण आपल्याकडे अळू भाजी आहे. इथे तो थोरला भाऊ आहे. त्यांच्या पुराणकथेत वाकेआ आणि हो’ओहोकूकालानी या जोडप्याचं पहिलं मूल मेलेलंच जन्मलं, ते घराशेजारी पुरलं, आणि तिथून लांब देठावर थरथरणाऱ्या पानाचं एक झाड उगवलं. तो पहिला कालो. त्याच्या पाठचं मूल जगलं. त्याचं नाव हालोआ, आणि सगळे हवाईयन त्याचे वंशज. थोरल्याने धाकट्याला खाऊ घालायचं, धाकट्याने थोरल्याला सांभाळायचं. हे ते फक्त गोष्ट म्हणून सांगत नाहीत. पॉईचं, म्हणजे कालोचे गड्डे शिजवून कुटून केलेल्या लगद्याचं, भांडं उघडलं की त्या पंगतीत भांडायचं नाही, कारण हालोआ बसला आहे. विद्यापीठाने कालोच्या तीन संकरित वाणांचं पेटंट घेतलं होतं, तेव्हा शेतकरी आणि विद्यार्थी उभे राहिले: भावाची मालकी कशी घेता? २००६ मध्ये विद्यापीठाला ती पेटंटं सोडावी लागली.

माझ्या हातून एक चूक झाली होती ती तुला सांगते. आंटीकडे जायला लागून दोन महिने झाले होते. दिवाळी होती, घराची आठवण येत होती, आणि समोर एवढी कोवळी काळ्या देठाची पानं. मी न विचारता पंचवीसएक खुडली, घरी नेली, चिंचगूळ लावून वड्या केल्या आणि दुसऱ्या दिवशी डबा भरून आंटीकडे घेऊन गेले. तिने एक वडी खाल्ली. चांगली झाली आहे म्हणाली. मग मला त्या ओळीपाशी नेलं आणि एवढंच म्हणाली, “ही पानं म्हणजे पुढचा गड्डा होता.” पानं गेली की गड्डा पोसत नाही. आपल्याकडे अळू पानासाठी लावतात, इथे गड्ड्यासाठी, हे मला ठाऊक असायला हवं होतं. त्या ओळीचं तण काढायचं काम तिने मला दिलं, काढणी होईपर्यंत, दहा महिने. ती रागावली असती तर मी कदाचित पुन्हा गेले नसते. काम दिलं म्हणून जात राहिले. ‘मा का हाना का ’इके’ अशी त्यांची म्हण आहे: कामात ज्ञान. ती मला त्या ओळीत कळली.

कालोच्या शेताला लो’ई म्हणतात. भातखाचरासारखंच: बांध, चिखलणी, पाटाचं पाणी. पाटाला ‘’आउवाई’. पण भाताला पाणी साचून चालतं, कालोला वाहतं आणि गार लागतं. पंचवीस अंशांच्या वर पाणी तापलं की गड्डा सडायला लागतो. म्हणून पाणी ओढ्यातून घ्यायचं, एका खाचरातून दुसऱ्यात उतरवायचं, आणि परत ओढ्यालाच सोडायचं. खालच्याचं पाणी अडवलं तर वरचाही शेवटी उपाशी राहतो, कारण खालचा त्याला मासे द्यायचा आणि वरचा लाकूड. डोंगराच्या माथ्यापासून समुद्रातल्या खडकापर्यंत अशा पट्ट्याला अहुपुआ’आ म्हणतात. आपल्या कोकणात सड्यापासून खाडीपर्यंतचा उतार धरलास तर चित्र डोळ्यांपुढे येईल. ‘वाई’ म्हणजे गोडं पाणी, ‘वाइवाई’ म्हणजे संपत्ती, आणि कायद्याला शब्द ‘कानावाई’, त्यातही पाणीच.

काढणी केली की गड्डा कापून घेतात आणि वरचा शेंडा, म्हणजे गड्ड्याची पातळ चकती आणि वीतभर देठ, तसाच ठेवतात. ती हुली. तीच पुन्हा चिखलात रोवायची. बी नाही, रोपवाटिका नाही. म्हणजे आज जो कालो तू खातेस तो पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी खाल्लेलाच कालो असतो, तोच जीव, पुन्हा पुन्हा लावलेला. गड्ड्याच्या बाजूने फुटतात त्या आपल्या अळकुड्या, त्यांना ‘’ओहा’ म्हणतात. त्यावरून ‘’ओहाना’, कुटुंब. हा शब्द आता टी-शर्टावर छापलेला मिळतो. त्याच्या मुळाशी चिखलातल्या अळकुड्या आहेत.

तुझ्या आईचं गाव वाइआहोले, आहोले माशाचं पाणी. तिच्या आजोबांच्या लहानपणी तिथल्या ओढ्यात पाणी होतं. १९१६ मध्ये डोंगराच्या पोटातून बोगदा काढून ते पाणी पलीकडच्या कोरड्या बाजूच्या उसाला नेलं. लो’ई सुकल्या. पुढे १९७०च्या दशकात जमीनमालकाने बांधकामासाठी शेतकऱ्यांना हुसकायचं ठरवलं, तेव्हा खोऱ्यातली माणसं एकत्र आली, आणि १९७७ च्या जानेवारीत पोलीस येतायत असं कळताच रात्री रस्त्यावर उतरून त्यांनी हमरस्ता अडवला. तुझी आई तेव्हा सहा वर्षांची, आजीच्या खांद्यावर झोपलेली. त्याच वर्षी सरकारला ती जमीन विकत घ्यावी लागली. शेतकरी राहिले, पाणी मात्र अजून डोंगरापलीकडेच. १९९०च्या दशकाच्या मध्यावर ऊस बंद पडला आणि काही पाणी ओढ्यात परत सोडलं, तेव्हा ती मला बघायला घेऊन गेली. आम्ही दोघी विद्यार्थिनी. ती दगडावर बसून राहिली, एक अक्षर बोलली नाही. मग खटला झाला, आणि २००० साली हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पाणी ही सगळ्यांसाठी सांभाळायची ठेव आहे, कुणाच्या मालकीची वस्तू नाही. ती बातमी मी तिला पुण्याला फोन करून सांगितली होती. पाण्याचं भांडण अजून संपलेलं नाही, शेजारच्या माउई बेटावरही नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये तिथलं लाहाइना जळालं, शंभरावर माणसं गेली. कधीकाळी ते तळ्यांचं, पाणथळ गाव होतं. उसाने पाणी नेलं, ऊस गेल्यावर पडीक रानात बाहेरून आलेलं गवत वाळत राहिलं, आणि त्या गवतातून आग धावली. माती हा माझा विषय आहे, म्हणून हे मला इतरांपेक्षा जास्त लागतं.

ओढ्यात ’ओ’ओपू नावाचे छोटे मासे असतात. अंड्यातून निघालेली पिल्लं पाण्याबरोबर समुद्रात वाहून जातात, तिथे काही महिने वाढतात, आणि मग गोड्या पाण्यात परततात. काही जाती तर पोटाखालच्या चोषकाने धबधब्याचा कडा चढतात. आणि ती जन्मल्या ओढ्यातच परततात असं नाही. समुद्रात सगळ्या ओढ्यांची पिल्लं मिसळतात, आणि जो ओढा समुद्रापर्यंत पोहोचतो त्यात ती शिरतात. पाणी परत आल्यावर वाइआहोलेतही ’ओ’ओपू आले.

तुझा दुसरा प्रश्न, हक्काचा. ‘अर्धी’, ‘पाव’ हा हिशेब हवाईयनांचा नाही. १९२१ मध्ये अमेरिकेच्या संसदेने हवाईयनांना घरासाठी जमिनी द्यायचा कायदा केला आणि अट घातली की रक्त निम्मं तरी हवाईयन असलं पाहिजे. तुझ्या आईचे एक आजोबा चिनी, एक आजी पोर्तुगीज. त्या कायद्याच्या तराजूत तू बसणार नाहीस, आणि ते तुला कुठेतरी ऐकवलंही जाईल. दुखेल. पण घरातला हिशेब वेगळा आहे, तो मो’ओकू’आउहाऊचा, वंशावळीचा. वंशावळीत माणूस अर्धं नसतं. नाव एकतर आहे किंवा नाही. तुझं आहे. इथे नवं माणूस भेटलं की स्वतःची ओळख सांगताना आधी डोंगर, मग ओढा, मग गाव, आणि शेवटी नाव सांगतात. “’ओ वाई ’ओए?” म्हणजे तू कोण, पण त्यातला ‘वाई’ पाण्याचाही आहे, म्हणून जाणते सांगतात की ऐकणारा विचारतो आहे, तुझं पाणी कुठलं. वाइआहोले, एवढं तुला सांगता येईल. कृष्णेचं नावही घे. ते लपवू नकोस. इथली बहुतेक घरं तीनचार देशांची मिळून बनलेली आहेत, कुणी नाक मुरडणार नाही.

कागदही बघ. १८४८ मध्ये इथल्या राजाने जमिनीची वाटणी केली, आणि १८५० च्या कायद्याने सामान्य कसणाऱ्यांना आपापला तुकडा नावावर करून घ्यायची सोय झाली. अर्ज करायचा, साक्षीदार आणायचे, मोजणी करून घ्यायची. जमीन विकत-घेत नसलेल्या लोकांना हे काय कळणार? शेवटी एकूण जमिनीच्या एक टक्क्याहूनही कमी त्यांच्या नावावर लागली. आपल्या लोकांना सातबाऱ्याचं महत्त्व सांगावं लागत नाही, त्यामुळे तुला हे लगेच समजेल. पण त्या साक्षी हवाईयन भाषेत लिहिलेल्या आहेत आणि जपलेल्या आहेत: अमक्याच्या इतक्या लो’ई, वरच्या अंगाला अमका, खालच्या अंगाला तमका. आईच्या घराण्याची नावं माझ्याकडे आहेत, ती पाठवते.

दुसरा कागद मला तिनेच दाखवला होता. १८९३ च्या १७ जानेवारीला हवाईची राणी लिलिउओकालानी हिला पदच्युत केलं. १८९७ मध्ये अमेरिकेत विलीन व्हायला विरोध म्हणून हवाईयन लोकांनी बेटाबेटांवर फिरून एकवीस हजारांवर सह्या गोळा केल्या. सगळे हवाईयन तेव्हा चाळीस हजारांच्या आसपास होते. बायकांच्या सह्यांची पानं वेगळी. विलीनीकरणाचा तह सेनेटमध्ये पडला, मग दुसऱ्या वाटेने, ठरावाने १८९८ मध्ये ते केलंच. सह्यांचे कागद शंभर वर्षं वॉशिंग्टनच्या अभिलेखागारात पडून राहिले. नोएनोए सिल्वा या अभ्यासक बाईंनी १९९०च्या दशकात ते उजेडात आणले, आणि गावोगाव लोक आपल्या पणजीचं नाव शोधायला रांगेत उभे राहिले. तुझ्या आईने एका पानावर बोट ठेवलं आणि ते बराच वेळ उचललं नाही. ती सही करणारी बाई तुझ्या आईच्या आजीची आई. त्या बोटाखालचं नाव तुझ्या हक्काबद्दल माझ्यापेक्षा जास्त सांगेल.

हक्क आणि जबाबदारी यांना तिथे एकच शब्द आहे, कुलेआना. तेच नाव त्या १८५० च्या तुकड्यांनाही पडलं. जे सांभाळतेस त्यावर तुझं काही चालतं. मागून मिळत नाही, सांभाळून मिळतं.

निघायच्या आधी पुण्यातच एक काम सुरू कर: भाषा. १८९६ च्या कायद्याने शाळा इंग्रजीत गेल्या, पोरांना घरच्या भाषेत बोलल्याबद्दल शिक्षा झाल्या, आणि १९८०च्या सुरुवातीला अठरा वर्षांखालची, ही भाषा बोलणारी मुलं पन्नासही उरली नव्हती. तुझ्या आईलाही घरात मिळाली नाही. तिच्या आईने ती मुद्दाम दिली नाही, पोरीला त्रास नको म्हणून. १९७८ मध्ये भाषेला राज्यघटनेत स्थान मिळालं, १९८३ मध्ये काही शिक्षक आणि पालकांनी ‘पूनाना लेओ’, म्हणजे आवाजाचं घरटं, ही संस्था काढली आणि बालवाड्यांपासून सुरुवात केली. आज ज्यांचं शिक्षण बालवाडीपासून पदवीपर्यंत या भाषेत झालं आहे अशी माणसं आहेत. तुझ्या आईने विशीत शिकायला घेतली. तू तेवढीच आहेस. १९७२ पासून लॅरी किमुरा यांनी रेडिओवर म्हाताऱ्या, जन्मापासून हवाईयन बोलणाऱ्या माणसांना बोलतं केलं होतं. त्या ध्वनिफिती आता ‘कानी’आइना’ या संग्रहात ऐकता येतात. रोज अर्धा तास नुसतं ऐक. कळलं नाही तरी ऐक. आणि लिहून काढायचं तर देवनागरीत काढ, कारण ऱ्हस्व-दीर्घ आपल्या लिपीत बरंचसं दिसतं, आणि तिथे त्याने आणि घशाच्या त्या खुणेने अर्थ बदलतो: ‘पाउ’ म्हणजे संपलं, ‘पा’उ’ म्हणजे काजळी, ‘पा’ऊ’ म्हणजे नेसायचं वस्त्र. (पहिल्या दोन्हींतला पा प्रत्यक्षात प च्या जवळचा, आखूड आहे, तिसऱ्यातला लांब. कान लावलास की कळेल.)

आणि आकाश बघ, त्याला तिकीट लागत नाही. होनोलुलू आणि नागपूर जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. इथे रात्रींना नावं आहेत, आपल्या तिथींसारखी: पहिली चंद्रकोर ती हिलो, शेवटची अंधारी मुकू, आणि मधल्या ‘’ओले’ नावाच्या रात्री लावणीला टाळतात, तण काढायला घेतात. भरती-ओहोटी, मासा, लावणी सगळं त्यावर. वेंगुर्ल्याचा रापणकार भांग आणि उधाण बघूनच होडी काढतो, त्यामुळे मला ते परकं वाटलं नाही. नोव्हेंबरात सूर्य मावळताना पूर्वेला माकालि’ई उगवतात तेव्हा माकाहिकी सुरू होतो: लोनो देवाचे चार महिने, युद्ध बंद. माकालि’ई म्हणजे आपल्या कृत्तिका, आणि कृत्तिका संध्याकाळी उगवायचा आपलाही महिना कार्तिकच. त्रिपुरी पौर्णिमेला आजीबरोबर घाटावर गेलीस की चंद्राजवळ तो झुपका शोध. वाइआहोलेतून तोच दिसतो.

आल्यावर पहिले सहा महिने फार बोलू नकोस. डोळ्यांनी बघ, कानांनी ऐक, तोंड बंद ठेव, अशी त्यांची म्हणच आहे. विद्यापीठाच्या आवारात कानेवाई नावाची लो’ई आहे. १९८० मध्ये विद्यार्थ्यांनी झाडोऱ्याखालून जुनी ’आउवाई शोधून काढली आणि ती पुन्हा वाहती केली. महिन्याच्या पहिल्या शनिवारी तिथे कुणीही कामाला जाऊ शकतं. तुझ्या आईने मला तिथेच पहिल्यांदा चिखलात उतरवलं, तूही तिथून सुरुवात कर. दुसरी जागा हे’एइआ. तिथे समुद्राच्या काठाला अठ्ठ्याऐंशी एकरांचं, काही शतकांपूर्वीचं दगडी भिंतीचं मत्स्यतळं आहे. गोव्याच्या खाजणांना मानस, म्हणजे पाण्याचं दार, असते ना, तशी या तळ्याला माकाहा, पण इथली गजांची: बारीक पिल्लू भरतीबरोबर आत येतं, खाऊन मोठं होतं आणि मग गजांतून बाहेर जाऊ शकत नाही. १९६५ च्या पुराने भिंत फुटली होती. हजारो हातांनी दगड वाहून २०१५ मध्ये ते भगदाड बुजवलं. तिथे मला सगळ्यात जड गेलेलं काम म्हणजे खारफुटी तोडणं. आपण लहानपणापासून ऐकत आलो की खारफुटी वाचवा, ती किनारा राखते. इथे ती बाहेरून आणून लावलेली, तिची मुळं जुनी भिंत पोखरतात. साळुंकी आणि मुंगूसही आपल्याच देशातली, इथे माणसाने आणली आणि इथल्या पक्ष्यांना भारी पडली. मी पहिल्या दिवशी कोयता खाली ठेवून वाद घातला होता. एका जागचं शहाणपण दुसऱ्या जागी तसंच्या तसं लावायचं नाही, हे शिकायला मला एक वर्ष लागलं. तुला कमी लागो.

माउना केआबद्दल विचारलं जाईल, कारण तू पुण्याची. त्या डोंगरावर होऊ घातलेल्या मोठ्या दुर्बिणीत भारत भागीदार आहे, आणि पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेचाही त्यात सहभाग आहे. २०१९ च्या जुलैमध्ये तो रस्ता अडवून बसलेल्या तीसहून अधिक वृद्धांना अटक झाली. आंटीची बहीण त्यात होती. तुझ्या बाबांचे मित्र तारे बघणारे आहेत, तुझ्या आईचे लोक त्या डोंगराला पूर्वज मानतात. माझं मत विचारशील तर त्या वृद्धांच्या बाजूने आहे. पण तू तुझं मत बनवायची घाई करू नकोस. आधी त्या रस्त्यावर बसलेल्या एखाद्या बाईच्या शेजारी बसून तिचं ऐकून घे.

सामानाचं. मातीत मळले तरी चालतील असे जुने कपडे. बूट धुऊन, कोरडे करून. ’ओही’आच्या झाडांना एक बुरशी लागली आहे, ती चिखलातून पसरते, म्हणून इथे रानात जाता-येताना बूट घासून पुसतात. पायाला जखम असेल त्या दिवशी लो’ईत उतरायचं नाही, लेप्टो इथेही आहे, सिंधुदुर्गात आहे तसाच. आजी अळूचा कांदा बांधून देते म्हणालीस. तिला माझा नमस्कार सांग आणि नको म्हण. विमानतळावर झाडं-बियाणं जाहीर करावं लागतं, आणि ते अडवतात ते बरोबर करतात. तिच्या हातच्या गोधड्या असतील तर एक आंटीसाठी आण. कुणाच्या दारी रिकाम्या हाताने जायचं नाही, ही रीत दोन्हीकडे सारखीच आहे. आणि इथून दगड, वाळू काही न्यायचं नाही.

तुझ्या बाबांना मी वेगळं लिहिते आहे. त्यांना भीती वाटते की तू परत येणार नाहीस. ती रास्त आहे, त्यांच्याशी नीट बोल.

आंटीच्या लो’ईत, पाण्याच्या तोंडाकडून बांधापासून तिसरी ओळ आहे. १९९९ मध्ये पुण्याला निघायच्या आधीच्या शनिवारी तुझ्या आईने तिथे हुल्या रोवल्या होत्या. तेव्हापासून दर काढणीला आम्ही गड्डे खाल्ले आणि शेंडे त्याच ओळीत परत लावले. ती गेली त्या वर्षीही. आंटी म्हणते आताची काढणी अठरावी. फेब्रुवारीत तयार होईल. तू मार्चमध्ये येणार असशील तर मी तिला थांबायला सांगते. कालो महिनाभर थांबतो, त्याहून जास्त थांबला की गड्डा पाणचट होतो, त्याला ‘लोलीलोली’ म्हणतात, आणि त्याची पॉई कुणाला आवडत नाही. तारीख कळव.

तुझी,
मावशी